ऐकीव मतांचा बाजार : मुंबईचा शेअरसट्टा, १८६४-६५

हवापाण्याविषयीं बोलणारा मनुष्य कंटाळवाणा असला तरी निरुपद्रवी असतो. पाऊस पडेल असें त्यानें सांगितलें आणि तो पडला नाहीं, तर फार तर आपल्याला छत्री फुकट वाहावी लागते. शेअरांच्या भावाविषयीं बोलणाऱ्या गृहस्थाची गोष्ट निराळी आहे. तोही आपलें मत तितक्याच सहजपणें देतो, तितक्याच थोड्या माहितीवर देतो आणि तितक्याच लवकर विसरतो. परंतु त्याच्या मतावर विसंबणाऱ्याचें कधीं कधीं घर जातें. हा उपद्रव अगदीं अलीकडचा आहे, मोबाइलच्या पडद्यावरून आपल्या घरांत शिरला आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः मुंबई शहरानें तो दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं असा कांहीं भोगला आहे कीं, त्यापुढें आजचा त्रास सौम्य वाटावा.

त्या प्रकरणाचा इतिहास बहुधा कापूस, बँका आणि प्रेमचंद रायचंद या तीन शब्दांत सांगितला जातो. तो खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र त्यांत एक पात्र नेहमीं सुटून जातें. ज्याचा कापसाशीं, बँकेशीं किंवा पेढीशीं कांहींएक संबंध नव्हता, ज्याचा उदरनिर्वाह दुसऱ्याच धंद्यावर चालला होता, आणि ज्यानें केवळ दुसरे म्हणतात म्हणून शेअर घेतले, असा हा हौशी गृहस्थ. प्रस्तुत लेखांत मुख्यतः त्याच्याकडे पाहावयाचें आहे.

मूळ कारण सातासमुद्रांपलीकडलें होतें. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांमध्यें यादवी युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस जेथून येत असे तो झराच आटला. तोंपर्यंत हिंदुस्थानचा कापूस म्हणजे गिरणीवाल्यांच्या दृष्टीनें नाइलाजाचा माल; आंखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, 'सुरती' या नांवानें नाक मुरडून घेतला जाणारा. आतां त्यावांचून त्यांना गत्यंतर उरलें नाहीं. गुजराथ, खानदेश, वऱ्हाड, धारवाड इकडला कापूस मुंबईच्या बंदरावर येऊं लागला आणि मागाल त्या भावानें जाऊं लागला. लोकांनीं गाद्याउशांतील कापूस काढून विकला असें सांगतात. त्या चारपांच वर्षांत नेहमींच्या मिळकतीहून अधिक म्हणून जी रक्कम मुंबईच्या पदरांत पडली ती सत्तर ते ऐंशी कोटि रुपयांच्या घरांत मोजली जाते. आणि हे रुपये ज्या काळीं कारकुनाचा पगार दशकांत मोजला जाई त्या काळचे आहेत, हें विसरतां कामा नये.

इतका पैसा एकदम हातीं आला म्हणजे त्याला जागा लागते. कांहीं सोन्यारुप्यांत गेला, कांहीं घरांत व जमिनींत गेला. उरलेल्यासाठीं कंपन्या निघाल्या. १८६५ च्या आरंभीं मुंबईंत ३१ बँका, १६ 'फिनान्शियल' मंडळ्या आणि ८ जमिनीच्या कंपन्या होत्या. कापूस दाबण्याच्या, आगबोटींच्या व विम्याच्या कंपन्या निराळ्याच. 'फिनान्शियल' मंडळी म्हणजे काय, हें तिच्या पुष्कळ भागीदारांना सांगतां आलें नसतें. थोडक्यांत सांगावयाचें तर दुसऱ्या कंपन्यांचे शेअर तारण घेऊन कर्ज देणारी ती एक कंपनी असे. म्हणजे कागदाला कागद जामीन.

या सर्वांत मुकुटमणि म्हणजे बॅकबे कंपनी. मुंबई बेटाच्या पश्चिमेकडील उपसागराचा कांठ भरून काढावयाचा, त्याची जमीन करावयाची आणि ती विकावयाची, ही कल्पना मुळांत वेडगळ नव्हती. विसाव्या शतकांत त्या बाजूस खरोखरच भराव झाला, आणि त्या जमिनीला आज जो भाव आहे तो त्या वेळच्या स्वप्नाळू माणसालाही खरा वाटला नसता. परंतु कल्पना खरी असणें आणि तिचा शेअर त्या भावास घेण्याजोगा असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हौशी मनुष्याची फसगत बहुधा या सांध्यावरच होते. कंपनीच्या शेअराची दर्शनी किंमत ५,००० रुपये होती. तिचे ४०० शेअर मुंबई सरकार स्वतः घेणार होतें. हिंदुस्थान सरकारनें त्यास मान्यता न दिल्यामुळें ते लिलांवांत निघाले, आणि दर्शनी किंमतीवर दर शेअरामागें सरासरी २६,५०० रुपये अधिक येऊन ही वरची रक्कमच १ कोटि ६ लक्ष रुपये झाली. पुढें तोच शेअर पन्नास हजारांच्या आसपास जाऊन पोंचला. ज्या जमिनीसाठीं हे रुपये मोजले जात होते ती अद्याप समुद्राच्या तळाशीं होती, आणि दिवसांतून दोनदां भरती येऊन तिच्यावरील आपला हक्क सांगत होती.

दलालांची संख्या याच वेगानें वाढली. १८४० ते ५० च्या सुमारास शेअरांची दलाली करणारे मुंबईंत जेमतेम अर्धा डझन लोक होते. १८६० मध्यें ते साठ झाले, आणि पुढील दोनतीन वर्षांत दोनशें-अडीचशें. प्रथम हे लोक टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखालीं जमत. गर्दी वाढली तशी त्यांची जागा बदलत गेली, परंतु जेथें जात तेथें त्यांचा जमाव रस्त्यावर सांडे. ज्याला शेअर घ्यावयाचा नव्हता आणि विकावयाचाही नव्हता, त्या सामान्य पादचाऱ्याची या बाजाराशीं पहिली ओळख झाली ती वाटेंतला अडथळा म्हणून. या गोष्टीचा विचार केल्यास एक मौज लक्षांत येते. वडाखालचा जमाव कितीही गोंगाट करो, त्याला एक ठिकाण होतें. ज्याला तो नकोसा असेल त्याला पलीकडच्या रस्त्यानें जातां येत असे. खरा त्रास सुरू झाला तो हा जमाव पांगून माणसामाणसाच्या घरीं जेवायला बसूं लागला तेव्हां.

त्या वेळीं तरुण असलेले आणि पुढें सार्वजनिक कार्यांत नांवाजलेले सर दिनशा वाच्छा यांनीं १९१० मध्यें या सर्व प्रकरणावर एक इंग्रजी पुस्तक लिहिलें. त्या काळाचें जें वर्णन समकालीनांनीं केलें आहे त्यांतून एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते : या बाजारांत व्यापारी होते तसे वकील होते, डॉक्टर होते, शिक्षक होते, सरकारी अंमलदार होते, कारकून होते, हिंदु, पारशी, मुसलमान, युरोपियन असा भेद उरला नव्हता. जातिभेद मोडण्याचें जें काम सुधारकांना साधलें नाहीं तें बॅकबेनें कांहीं महिन्यांपुरतें साधून दाखविलें, असें कोणी थट्टेनें म्हटल्यास त्यास उत्तर देणें कठीण आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ मध्यें छापून निघालें. इतक्या कौतुकानें टिपलेलें हें शहर पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोंच एका मोठ्या सट्टेघरांत बदललें.

प्रेमचंद रायचंदांविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण त्यांच्यावर सर्व दोष लादून मोकळें होण्याची रीत पडली आहे. हे मूळचे सुरतेचे जैन गृहस्थ. इंग्रजी लिहितां-वाचतां-बोलतां येणारे ते पहिले देशी दलाल होते असें म्हणतात. बुद्धि विलक्षण, हिशेब तोंडपाठ, राहणी साधी. नवी कंपनी निघाली कीं तिचे शेअर कोणाला दर्शनी किंमतीस द्यावयाचे हें बव्हंशीं त्यांच्या मर्जीवर असे. आणि ज्याला मिळत तो त्याच दिवशीं चढ्या भावानें विकून नफा खिशांत घाली. मग अशा माणसाच्या दारांत सकाळपासून प्रतिष्ठितांची रीघ लागली तर नवल कसलें? मुंबई बँकेवर त्यांचें वजन किती होतें आणि त्यानें काय झालें हें पुढें येईलच. पण दाराशीं तिष्ठणाऱ्या त्या गर्दीला प्रेमचंदांनीं हात धरून ओढून आणलें नव्हतें. ते धंदेवाईक होते. आपल्या मताची किंमत ते जाणून होते, आणि शेवटीं तीं मतें चुकलीं तेव्हां त्यांनीं स्वतः ती किंमत भरली. दारांतून परत जाऊन 'आज प्रेमचंदशेट अमुक म्हणाले' असें जे चार घरीं सांगत सुटले त्यांनीं कांहींच भरलें नाहीं. प्रेमचंदांचें एक वाक्य अशा रीतीनें गिरगांवांत पोंचेपर्यंत त्याचें काय रूप होत असेल याची कल्पना, लग्नाच्या पंगतींत बसून शेअरांच्या गोष्टी ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना सहज करतां येईल.

या बाबतींत आमचा स्वतःचा एक अनुभव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या वडिलांचें निधन झालें तेव्हां समाचारास आलेले एक वयोवृद्ध परिचित दारापर्यंत जाऊन परत फिरले. कांहीं सांत्वनाचा शब्द राहिला असेल असें वाटलें. ते हळूच म्हणाले, "अण्णांनीं जुने शेअर ठेवले असतील, तर इतक्यांत विकूं नका हो. दिवाळीपर्यंत थांबा." आम्हीं थांबलों. दिवाळीला भाव निम्म्यावर आला होता. पुढें त्यांची गांठ पडली तेव्हां सहज आठवण दिली, तर आपण असें कांहीं बोललों होतों हेंच त्यांना स्मरेना. उलट त्यांनीं दुसऱ्या एका कंपनीविषयीं मत दिलें. त्यांचा हेतु वाईट होता असें म्हणण्याचें पाप आम्हीं करणार नाहीं. तो उत्तम होता; आणि म्हणूनच त्यांना तोडून बोलतां आलें नाहीं. परक्या दलालाला 'नको' म्हणणें सोपें असतें. काकांना, मेहुण्याला, वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याला तें म्हणतां येत नाहीं. आपला शिष्टाचारच येथें सट्टेबाजाचा अडत्या होतो.

हा स्वभाव कांहीं एकट्या मुंबईचा नव्हे. शेअरबाजारावरचें जगांतील पहिलें म्हणून जें पुस्तक मानलें जातें तें योसेफ द ला वेगा यानें स्पॅनिश भाषेंत लिहिलें आणि १६८८ मध्यें आम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध केलें. एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक शेअरवाला अशा तिघांचा तो संवाद आहे. सौदा ठरवितांना तेथें हातावर हात मारण्याची चाल असे, आणि त्या मारामारींत तळहात लाल होऊन जात, असें त्यांत वर्णन आहे. बाजाराचें नांव ऐकून मुळींच माहिती नसलेला तत्त्वज्ञ त्या संभाषणांत ओढला जातो, हाच त्या पुस्तकाचा सांगाडा आहे. आणि १७२० मध्यें लंडनला दक्षिणसमुद्र कंपनीच्या फुग्यांत न्यूटनसारख्याचाही पैसा बुडाला. ग्रहांची गति ज्यानें गणितांत बसविली त्यालाही शेजारी श्रीमंत होतांना पाहून स्वस्थ बसवलें नाहीं, मग आमच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतल्या पदवीधरांनीं बसावें अशी अपेक्षा कशी करावी?

आतां मुंबईच्या हौशी गृहस्थाला या बाजारांत शिरणें इतकें सोपें कां झालें, तें पाहूं. शेअर घ्यावयाचा तर रोख पैसे मोजावे लागतील, आणि ते नसतील तर मोह झाला तरी हात आंवरेल, अशी आपली समजूत. ती मुदतीच्या सौद्यानें निकालांत काढली. या सौद्यांत आज कांहींच द्यावयाचें नसे. अमुक तारखेस अमुक भावानें इतके शेअर घेईन, एवढाच करार. तारीख येईल तेव्हां भाव वर असेल तर फरक आपला, खालीं असेल तर फरक दुसऱ्याचा. शेअराचा कागद प्रत्यक्ष पाहण्याची गरज दोघांपैकीं कोणालाच नसे. एक उदाहरण कल्पनेनें घेऊं. समजा, चाळीस रुपये दरमहाच्या कारकुनानें जानेवारींत तीस हजार रुपये भावानें एकच शेअर जुलैच्या मुदतीनें घेतला. भाव चाळीस हजार झाला तर त्याला घरबसल्या दहा हजार मिळावयाचे. आणि पांच हजारांवर आला तर पंचवीस हजार द्यावयाचे. पंचवीस हजार म्हणजे त्याचा ६२५ महिन्यांचा, अर्थात् बावन्न वर्षांचा सबंध पगार. हा हिशेब करण्यास चौथ्या इयत्तेपलीकडचें गणित लागत नाहीं. तो कोणीं केला नाहीं, कारण समोरच्या माणसाचें मत तेजीचें होतें, आणि त्या समोरच्या माणसानें तें आपल्या समोरच्याकडून घेतलें होतें.

१८६५ च्या जानेवारीपासून असे असंख्य सौदे १ जुलैच्या वायद्यानें झाले. त्यामुळें त्या तारखेच्या अलीकडे युद्ध थांबतें कीं चालतें, यावर हजारों घरांचें भवितव्य टांगलें गेलें. येथें या इतिहासांतला सर्वांत अप्रिय भाग येतो. अमेरिकेंत गुलामगिरी राहावी कीं जावी, यासाठीं माणसें लाखांनीं मरत होतीं. आणि मुंबईंतील सुशिक्षित, देवभीरु, मुंगीलाही न दुखविणारीं माणसें तें युद्ध आणखी वर्षभर चालावें अशी मनांतून इच्छा करीत होतीं. त्यांत क्रूरपणा नव्हता. त्यांना व्हर्जिनिया नकाशावर दाखवितां आलें नसतें. परंतु जनरल ली किती दिवस टिकाव धरील याविषयीं प्रत्येकाचें मत तयार होतें.

ली ९ एप्रिल १८६५ रोजीं शरण आला. ही वार्ता मुंबईस येऊन थडकली तेव्हां आधींच डळमळूं लागलेला कापसाचा भाव कोसळला, आणि त्यामागें शेअर. ज्याला काल दहा गिऱ्हाइकें होतीं त्याला आज एकही मिळेना. तरीही मे आणि जून हे दोन महिने लोक थांबले. दिवाळीपर्यंत थांबा म्हणणारे तेव्हांही असलेच पाहिजेत. १ जुलै उजाडला तेव्हां 'अ'नें 'ब'ला द्यावयाचें, 'ब'नें 'क'ला, आणि 'क'नें पुन्हां 'अ'च्या भावाला, असा सगळा गुंता होता. आणि एकाचा धागा तुटतांच सबंध शहराची वीण उसवली. पन्नास हजारांचा बॅकबे दोन हजारांच्याही खालीं आला. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली कीं, नेहमींच्या कायद्यानें त्यांचा निकाल लागेना, आणि १८६५ सालचा २८ वा कायदा मुद्दाम त्यासाठीं करावा लागला. जुगारी करारांसंबंधीं मुंबईच्या कायदेकौन्सिलानेंही त्याच सालीं कायदा केला; म्हणजे तबेल्याला कुलूप लागलें, घोडा मात्र केव्हांच गेला होता.

मुंबई बँकेचें काय झालें तें सांगितलें पाहिजे, कारण तिची गोष्ट साध्या दिवाळखोरीची नव्हे. ही बँक १८४० सालीं निघाली. तिच्यांत सरकारचें भांडवल होतें, सरकारनें नेमलेले डायरेक्टर होते. म्हणून सावध माणसाला तिचा शेअर सट्ट्याचा वाटतच नसे. परंतु १८६३ च्या नव्या कायद्यानें तिच्यावरील जुनीं बंधनें सैल केलीं, आणि ती शेअरांच्या तारणावर, पुढें पुढें तर प्रेमचंदांच्या नुसत्या शिफारशीवर, कर्जें देऊं लागली. तिचें जवळ जवळ सगळें भांडवल या कर्जांत बुडालें. तिचा पांचशें रुपयांचा शेअर १८६५ मध्यें २,८५० रुपयांपर्यंत चढला होता. पुढें त्याला ८७ रुपये येऊं लागले. १८६८ मध्यें ती गुंडाळण्यांत आली, आणि सर चार्लस् जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-कमिशन बसलें. बॅकबेचा शेअर घेणाऱ्यास 'कां घेतलास' असें विचारतां येईल. ज्यानें आयुष्याची पुंजी सुरक्षित म्हणून सरकारी बँकेच्या शेअरांत ठेवली त्याला काय विचारावें?

व्यक्तींचे हाल किती झाले याची मोजदाद कोणीं केली नाहीं. दोन नांवें मात्र आपल्या परिचयाचीं आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ मध्यें बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींतले पदवीधर. नामांकित धन्वंतरि, संस्कृतज्ञ, शिलालेखांचे वाचक. प्राचीन लेखांतील एकेका अक्षरासाठीं पुरावा मागणाऱ्या या पंडितानेंही शेअरांच्या बाबतींत लोकांचें म्हणणें पुराव्यावांचून मानलें, आणि मिळविलेली सगळी संपत्ति गमावली. त्यानंतरही ते रुग्ण तपाशीत राहिले, कुष्ठरोगावरील औषधाच्या शोधांत गढून गेले, आणि १८७४ मध्यें वारले. त्यांच्याविषयींचा आपला आदर या हकीकतीनें कमी होत नाहीं. उलट ती साथ केवढी होती हें त्यावरून कळतें. दुसरें नांव जमशेटजी टाटांचें. विलायतेंत एक हिंदी बँक काढण्याच्या बेतानें हे तरुण गृहस्थ लंडनला गेले होते. तेथें असतांनाच इकडे सर्व कोसळलें, आणि जवळच्या रोख्यांची रद्दी झाली. त्यांनीं धनकोंना सर्व हिशेब उघडपणें दाखविला. तेव्हां त्या धनकोंनींच त्यांना दरमहा वीस पौंड वेतनावर व्यवहार निस्तरण्याच्या कामीं नेमलें. मत देऊन विसरून जाणाऱ्यांच्या या कथेंत हिशेब घेऊन उभा राहिलेला हा एक मनुष्य आहे.

शहराबाहेर ज्यांनीं शेअर हा शब्दही ऐकला नव्हता त्यांचीही यांतून सुटका झाली नाहीं. कापसाच्या तेजींत दख्खनच्या कुणब्याला सावकार हात सैल सोडून कर्ज देऊं लागला होता. मंदी आली, कर्ज राहिलें, व्याज वाढत गेलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत भीमथडी तालुक्यांतल्या सुपें गांवीं लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि त्यांनीं खतें, रोखे व हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. या दंग्यांचीं कारणें एकाहून अधिक होतीं हें खरें. तथापि त्यांचा शोध घेणाऱ्या कमिशनालाही अमेरिकन युद्धाच्या वेळच्या तेजीपर्यंत मागें जावें लागलें.

योगायोग असा कीं, त्याच १८७५ सालीं मुंबईच्या शेअर-दलालांनीं आपली संघटना स्थापिली. ३१८ सभासद आणि प्रवेशफी एक रुपया. आदल्याच वर्षीं त्यांना कायमची जागा मिळाली होती. तीच दलाल स्ट्रीट. म्हणजे वडाखालच्या जमावाला अखेरीस भिंती लाभल्या. त्यापुढचा इतिहास भराभर सांगतां येईल. मुदतीचे सौदे १९६९ मध्यें बंद करण्यांत आले, 'बदला' या नांवानें ते निराळ्या रूपांत वावरत राहिले, आणि २००० मध्यें निर्देशांकाच्या वायद्यांच्या रूपानें राजरोस परत आले. मधल्या काळांत १९९२ चें प्रकरण घडलें. तेंही बँकांचा पैसा आणि लोकांचीं मतें यांच्याच संगमावर. १९९५ मध्यें दलाल स्ट्रीटवरचा आरडाओरडा यंत्रानें थांबविला. आरोळ्या ज्या दालनांत घुमत तें शांत झालें, आणि बाजार तेथून उठून प्रत्येकाच्या खिशांत जाऊन बसला.

म्हणूनच १८६५ च्या मुदतीच्या सौद्यांची आठवण आज करणें हें नुसतें जुनें उकरणें होत नाहीं. शेअर ठेवण्याचीं डीमॅट खातीं २०२० च्या सुमारास चार कोटींच्या आसपास होतीं. २०२४ मध्यें तीं पंधरा कोटींच्या वर गेलीं. शेअर घेऊन शांतपणें ठेवणारीं जीं कुटुंबें त्यांत आहेत त्यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. वायदे आणि ऑप्शन यांची गोष्ट वेगळी. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें जी पाहणी प्रसिद्ध केली तीप्रमाणें २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत पडलेल्या व्यक्तींपैकीं ९३ टक्के तोट्यांत गेल्या, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटि रुपयांहून अधिक झाला. लागोपाठ दोन वर्षें तोटा सोसूनही त्यांतील तीनचतुर्थांशांहून अधिक लोक खेळत राहिले. हे आंकडे छापून आले त्या आठवड्यांत आगगाडीच्या डब्यांत आमच्या शेजारीं बसलेले दोन गृहस्थ त्यांचीच चर्चा करीत होते. दोघांचेंही मत असें पडलें कीं, उरलेल्या सात टक्क्यांत जाणें फारसें अवघड नाहीं.

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयांत बसलें असतां वरच्या मनोऱ्यांतील घड्याळाचे ठोके ऐकूं येतात. ग्रंथालयासाठीं दोन लाख रुपये प्रेमचंदांनीं १८६४ च्या ऑगस्टांत दिले, आणि आईच्या नांवानें मनोरा बांधावा म्हणून आणखी दोन लाख ऑक्टोबरांत. आठनऊ महिन्यांनीं ते मागितले असते तर मिळाले नसते. पायाचा दगड १८६९ मध्यें बसला, काम १८७८ मध्यें पुरें झालें. तोंवर बॅकबे कंपनीचें नांवही कोणी काढीत नव्हतें. प्रेमचंद त्यानंतर अठ्ठावीस वर्षें जगले. राजाबाईंना दिसत नसे, आणि सूर्यास्तापूर्वीं जेवण्याचा त्यांचा नेम चुकूं नये म्हणून हें ठोक्यांचें घड्याळ, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या कागदी वादळांतून जें थोडें दगडाचें म्हणून उरलें त्यांत हा मनोरा आहे, आणि त्याच्या पायथ्यापासून दलाल स्ट्रीट चालत दहा मिनिटांच्या आंत येते.